एक्याऐंशी ठिपक्यांची संख्या

मंडळी, आधी ही संख्या नीट पाहून घ्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

घाई नको. एकदा डावीकडून वाचा, एकदा उजवीकडून वाचा. मग फराळाचे ताट हातात असलेल्या कोणालाही ती दाखवा आणि विचारा, "हिच्याबद्दल काय सांगाल?" मोठी माणसे बहुधा म्हणतील, "बापरे, केवढी मोठी!" शाळकरी मुले विचारतील, "पण हिचं करायचं काय?" बेरीज, गुणाकार की टक्केवारी? संख्या समोर आली की तिचे काहीतरी करून उत्तर काढायचे, आणि तेही शेजारच्याच्या आधी, हे आपण मुलांच्या मनावर पक्के बिंबवले आहे. संख्येची नुसती ओळख करून घ्यायची, तिचा स्वभाव, तिचे गोत्र, तिचे नातेवाईक विचारायचे, हे त्यांना सुचत नाही. सुचणार तरी कसे? तसे करताना त्यांनी कोणाला पाहिलेलेच नसते.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे: इथे अमेरिकेत आपल्या घरांत मुलांच्या गणितावर पैसा आणि शनिवार-रविवार भरपूर खर्च होतात. त्यातला थोडा वेळ संख्यांशी ओळख करून घेण्यात घालवावा, आणि तो मराठीत घालवावा. हे पटावे म्हणून वरच्या संख्येचीच ओळख करून देऊ पाहतो.

ती जन्मली कशी, ते आधी सांगतो. नऊ एक शेजारी शेजारी लिहा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. कॅल्क्युलेटर नको, कागद घ्या आणि शाळेत शिकलो तसा गुणाकार मांडा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतील, फक्त दरवेळी एक घर डावीकडे सरकून. अशा नऊ ओळी झाल्या की उभ्या बेरजा करा. उजव्या टोकाला एकच एक आहे. त्याच्या शेजारच्या रांगेत दोन, मग तीन, मग चार. मधल्या रांगेत नऊ. तिथून पुन्हा आठ, सात, सहा, असे उतरत डाव्या टोकाला एक. कुठेच बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. उत्तर आपोआप उमटते: १२३४५६७८९८७६५४३२१.

आता त्या कागदावरचे एक पुसा आणि प्रत्येकाच्या जागी ठिपका द्या. उभ्या रांगा आडव्या मांडा, प्रत्येक रांग मधोमध आणा. पहिल्या रांगेत एक ठिपका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि पुन्हा उतरत एकावर. ओळखलेत ना? ही आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी. मध्ये नऊ, दोन्हीकडे एकपर्यंत. तुमच्या आईने, आजीने ती कितीदा काढली असेल. एकूण ठिपके किती, हे मोजत बसायला नको. मान थोडी तिरकी करून पाहा. तोच आकार नऊ बाय नऊचा चौकोन दिसेल. म्हणजे एक्याऐंशी ठिपके. आणि आपल्या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज? तीही एक्याऐंशीच. व्हायलाच हवी, कारण तिचा प्रत्येक अंक म्हणजे रांगोळीतल्या एकेका रांगेतले ठिपके.

आत्ता जे केले त्याला गणितात सिद्धता म्हणतात. सिद्धता हा शब्द ऐकून पदवीधर माणसेही दचकतात. ठिपक्यांवर मात्र ती नऊ वर्षांच्या मुलीलाही कळते, आणि एकदा कळली की विसरता येत नाही.

या संख्येच्या घराण्याला नाव आहे, आणि ते ऐकून डोंबिवलीकरांची छाती फुगेल. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून तीसेक मैलांवर तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला, म्हणून त्यांनी स्टेशनचे नाव संख्यांना देऊन टाकले. आज त्या स्टेशनवर उभे राहायला जागा मिळत नाही, तिथे विचार सुचणे दूरच. पण जगभरच्या गणिताच्या कोशांत ते नाव आहे.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शाळा शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. विद्यापीठातली खुर्ची नाही, पदव्युत्तर पदवी नाही. कागद, पेन्सिल आणि संख्यांची अनावर ओढ एवढेच भांडवल. त्यावर त्यांनी संख्यांचे प्रकार शोधले, त्यांना नावे दिली, स्वतः खर्च करून पुस्तिका छापल्या. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. फार तर सात खेपांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीचे निवृत्त मास्तर जगाला ठाऊक झाले.

पुन्हा आपल्या संख्येकडे येऊ. ती वाचायची कशी? इथल्या शाळेतले मूल तीन-तीन अंकांचे गट पाडून क्वाड्रिलियन, ट्रिलियन, बिलियन अशी वाचेल. त्यात चूक काहीच नाही. पण हीच संख्या आपल्या जुन्या पद्धतीने वाचून पाहा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दहाच्या पटीतल्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे ती परार्धाच्या फक्त एक पायरी खाली थांबते. आणि प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव असल्याने ती अशी वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. हे शिखर. मग उतरण: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने म्हणून पाहा. मुलांना जलधी म्हणजे समुद्र आणि महापद्म म्हणजे मोठे कमळ हे सांगा. मग पाठ करा असे सांगावे लागणार नाही.

आता तिचे गुण. ती विषम आहे, हे शेवटचा अंक सांगतो. ती वर्गसंख्या आहे, हे आपण पाहिलेच. उलटी वाचली तरी तीच राहते, 'रामाला भाला मारा' या वाक्यासारखी. तिचे मूळ अवयव पाहायचे तर नऊ एकांची संख्या फोडू: १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हे ३३३६६७ पुढे फुटत नाही, ती मूळ संख्या आहे. याची हाताने खात्री करायची तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. पावसाळी रविवारी चार मुलांनी वाटून घेतले तर होण्यासारखे काम आहे. अवयव कळले की भाजक मोजता येतात: आपल्या संख्येला बरोबर ४५ भाजक आहेत. ४५ हा आकडा विषम का? कारण भाजक जोडीजोडीने येतात, आणि वर्गसंख्येत वर्गमुळाला जोडीदार मिळत नाही, ते स्वतःशीच जोडी जमवते. ज्या मुलाला हे कळले त्याला 'वर्गमूळ' हा शब्द पुन्हा समजावावा लागत नाही.

संख्यांची आणखी एक जुनी वर्गवारी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी निकोमॅकस या ग्रीक लेखकाने ती मांडली. संख्येचे स्वतःखेरीज बाकीचे सगळे भाजक मिळवायचे. बेरीज संख्येएवढी आली तर ती परिपूर्ण: ६ म्हणजे १, २ आणि ३, तशीच २८. बेरीज जास्त आली तर विपुल, जशी १२. कमी पडली तर न्यून. आपल्या या देखण्या संख्येची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच पुढे जाते. म्हणजे सतरा अंकांचा एवढा डौल असून ती न्यून, आणि इवलीशी ६ परिपूर्ण. मोठे असणे आणि पूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मला याहून साधे उदाहरण माहीत नाही.

कापरेकरांनी दिलेली दोन नावे इथे उपयोगी पडतात. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, तेव्हा तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. ही संख्या हर्षद आहे. दुसरा प्रकार त्यांच्या गावाच्या नावाचा: देवळाली संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये ६ मिळवले की २१ येतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. पण २० ला असा जनकच नाही, कुठूनही सुरुवात करा, २० येत नाहीत. अशा बिनजनकाच्या संख्या म्हणजे देवळाली संख्या. मराठीत आपण त्यांना स्वयंभू म्हणू शकतो. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे का? नाही. १२३४५६७८९८७६५४२४० हा तिचा जनक. त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि २४० मध्ये ८१ मिळवले की ३२१. करून पाहा.

जाता जाता एक खंत. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत 'निव्हन संख्या' हे नावही आहे, कारण आयव्हन निव्हन या गणितज्ञाने १९७७ साली एका परिषदेत त्यांच्याविषयी निबंध वाचला. देवळाली संख्यांना 'कोलंबियन' असेही म्हणतात. यात कोणी काही चोरले असे मला म्हणायचे नाही. एकच गोष्ट दोघांना सुचू शकते. पण आपल्या मुलांना शाळेत ही नावे भेटतील तेव्हा दुसरेही एक नाव आहे, आणि ते त्यांच्या आजोळच्या भाषेतले आहे, हे त्यांना आपणच सांगायला हवे. दुसरे कोण सांगणार?

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो साध्या माणसाचा नाही. रामानुजनना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा अंकांच्या गमतींना बाजूला सारले. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या उलट्या लिहिलेल्या स्वतःच्या पटीत येतात, हे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले, की ही कोड्यांच्या सदरात शोभणारी गोष्ट आहे, खऱ्या गणितज्ञाला तिच्यात रस वाटू नये. कापरेकरांच्या कामाकडेही अनेक विद्वानांनी याच नजरेने पाहिले.

हार्डींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे खरेच मुलांना शिकवण्यासारखे आहे. संख्येचे गुण दोन जातींचे असतात. काही गुण तिचे स्वतःचे: मूळ असणे, वर्ग असणे, न्यून किंवा परिपूर्ण असणे. काही गुण आपण ती ज्या रीतीने लिहितो त्या रीतीचे: उलटसुलट सारखी असणे, हर्षद असणे. दहाच्या पटीत ११ ही उलटी लिहिली तरी तीच. संगणकाच्या दोनाच्या पद्धतीत तीच संख्या १०११ अशी लिहितात. उलटी केली की ११०१, वेगळीच. सारखेपणा गेला. पण ११ ही मूळ संख्या होती ती मूळच राहिली. ते कोणत्याही लिपीत बदलत नाही.

हा फरक आपल्यासारख्यांना चटकन कळायला हवा. इथे आल्यावर आपल्या नावांची स्पेलिंगे झाली, जन्मतारखेत महिना आधी आला, मधले नाव कुठे गेले ते फॉर्मलाच ठाऊक. लिहिण्याची रीत बदलली की काय जाते आणि काय उरते, हा प्रश्न आपण रोज जगतो. मुलांना तो संख्येवर विचारता येतो, आणि संख्येवर त्याचे नेमके उत्तर मिळते. म्हणून हार्डींना मान देऊनही म्हणावेसे वाटते: अंकांच्या गमती हे गणिताचे देवघर नसेल, पण ओसरी नक्कीच आहे. ओसरीवर न बसता आत गेलेले पाहुणे थोडेच असतात.

"पण उपयोग काय?" हा प्रश्न राहतोच. तुम्ही फोनवरून गावाकडे आईच्या खात्यात पैसे पाठवता, बँकेत लॉगिन करता. अशा व्यवहारांच्या सुरक्षिततेचा एक मोठा आधार म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते, ही गोष्ट. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकार हाती देऊन त्या दोन परत मागितल्या तर भलेभले यंत्र थकते. गंमत म्हणजे कापरेकरांविषयी लिहिणाऱ्या गार्डनर यांच्याच सदरात, ऑगस्ट १९७७ मध्ये, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधलेल्या या पद्धतीची ओळख जगाला झाली. सोबत १२९ अंकी एक संख्या छापून शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते: फोडून दाखवा. ती फुटली १९९४ साली, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी जगभरचे संगणक एकत्र लावले तेव्हा. आपल्या १११११११११ चे अवयव आपण दोन ओळींत काढले, कारण तिची ठेवण सोपी होती. ३३३६६७ पाशी मात्र १०६ भागाकार दिसू लागले. पुढे १२९ अंकांशी काय होत असेल, याची कल्पना त्या पावसाळी रविवारी भागाकार करणाऱ्या मुलांना आपोआप येते.

आता स्पष्टच लिहितो. आपल्या मुलांचे गणित शर्यतीचे झाले आहे. शाळेनंतर क्लास, क्लासनंतर वर्कशीट, त्यावर मिनिटे आणि सेकंद. गिफ्टेडची परीक्षा, मग कॉम्पिटिशन, मग पुढच्या इयत्तेचे गणित एक वर्ष आधी. पाठांतर वाईट असे मी म्हणणार नाही. पाढे यायलाच हवेत, हात चालायलाच हवा. स्पर्धेत रमणारी मुले असतात, त्यांनी जरूर रमावे. आणि पालकांची काळजीही खोटी नाही. आपण इथवर परीक्षांच्या गुणांवरच आलो. मुलांच्या हाती तेच तिकीट द्यावे असे वाटणे साहजिक आहे. पण या शर्यतीत दहा-अकरा वर्षांची किती तरी मुले "मला मॅथ येत नाही" असे जाहीर करून बाजूला बसतात. त्यांना गणित येत नसते असे नाही, त्यांना वेगाने येत नसते. आणि जी जिंकतात त्यांतलीही अनेक कॉलेजात जिथे वेगाऐवजी चिकाटी लागते, तिथे पोहोचल्यावर गांगरतात. एका संख्येपाशी अर्धा तास बसायची सवय त्यांना कोणी लावलेली नसते.

दुसऱ्या टोकाला आपला व्हॉट्सअॅपवरचा अभिमान आहे. शून्य आपले, दशमान पद्धत आपली, आर्यभट आपले, भास्कराचार्य आपले. असे संदेश पुढे ढकलायला अंगठा पुरतो. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारला, त्याची ती नोंद. नातवाने आजोबांचा नुसता जयजयकार केला नाही, लोकांनी बसून शिकावे अशी सोय केली. आपण नेमके तेवढे सोडून बाकी सगळे करतो.

आणि मराठीतच कशाला? कारण आपल्या रविवारच्या मराठी शाळांचे दुखणे तुम्हालाही माहीत आहे. लहान वर्ग भरलेले असतात. बारा वर्षांच्या पुढे बाके रिकामी. रंग, प्राणी, भाज्या, सणवार झाले की त्या वयाच्या मुलाला मराठीत बोलण्याजोगे काही उरत नाही. त्याची बुद्धी वाढलेली असते आणि मराठी मात्र पाच वर्षांच्या मुलाची राहिलेली असते. संख्येविषयी बोलायला लागले की 'कारण', 'म्हणून', 'जर-तर', 'एक सोडून बाकी सगळे' अशी वाक्ये बोलावीच लागतात. विचार करायची मराठी ती हीच. आणि शब्द तरी किती लागतात? सम, विषम, मूळ, वर्ग, भाजक, बाकी. आपल्या संख्यावाचक शब्दांतच गणित दडलेले आहे: एकोणऐंशी म्हणजे एक उणे ऐंशी, शब्दातच वजाबाकी.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आणि तुम्हा सगळ्यांना एक सूचना. मराठी शाळेच्या प्रत्येक तासात पंधरा मिनिटे एका संख्येला द्या. मुलांनी संख्या निवडावी: घरचा नंबर, आजीचे जन्मसाल, काहीही. २०२५ हे साल घ्या. २० आणि २५ मिळवा, ४५ येतात, आणि ४५ चा वर्ग पुन्हा २०२५. असे वर्गाचे साल यापुढे थेट २११६ मध्ये. मुलांनी फळ्यावर तिचे गुण लिहावेत, नवीन गुण दिसला तर त्याला नाव द्यावे. कापरेकरांनी स्टेशनचे नाव दिले, आपल्या मुलांनी आपल्या गल्लीचे द्यावे. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आजी-आजोबांना शिकवायला बसवा. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी ज्यांना अजून तोंडपाठ आहे ती पिढी इथे सोफ्यावर बसून कंटाळते आहे, आणि त्यांची नातवंडे शेजारच्या खोलीत टायमर लावून वर्कशीट सोडवताहेत. नियम दोनच: घड्याळ नाही आणि बक्षीस नाही. मुले मधूनच इंग्रजीत बोलली तर बोलू द्या, आपण मराठीत उत्तर द्या.

आणि सुरुवात या दिवाळीतच होऊ शकते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात, किंवा भाड्याच्या घराचा मालक कुरकुरत असेल तर मोठ्या पुठ्ठ्यावर, मुलांकडून ठिपके काढून घ्या. एक, दोन, तीन, नऊपर्यंत आणि परत. एक्याऐंशी भरले की बाजूला कागदावर नऊ एकांचा गुणाकार करायला सांगा. मग विचारा, दहा ठिपक्यांची रांगोळी काढली तर? रांगोळी सहज बसेल, शंभर ठिपके भरतील. पण दहा एकांचा वर्ग केला की संख्येचा तो देखणा चढउतार मधेच मोडतो. कुठे मोडतो आणि का मोडतो, हे मी इथे लिहीत नाही. मुलांना शोधू द्या, लागेल तेवढा वेळ लागू द्या. पणत्यांत तेल तेवढे घालत राहा.